सहा बाय तीनचं संस्थान

सोमवारी सकाळी आमच्या घरानं मला कळवलं, की हॉलमध्ये गॅलरीच्या दारासमोर एक अज्ञात वस्तू आहे आणि ती तिथं असेपर्यंत भिंत पुढे सरकणार नाही.

मी फडकं हातात धरून उभीच होते. नुकतीच फरशी पुसली होती. गॅलरीच्या दारासमोर काही नव्हतं. वाकून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, शेवटी यांना हाक मारली. आमचे हे, म्हणजे मुकुंदराव, साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झाल्यापासून कुठल्याही गोष्टीवर एका नजरेत निकाल देतात. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, पाहिलं, "काही नाही" म्हणाले आणि वर्तमानपत्र परत वर नेलं.

आता तीनशे चाळीस चौरस फुटांच्या घरात एखादी वस्तू हरवू शकते, पण माझ्या नकळत एखादी वस्तू येऊन पडणं शक्य नाही. जागा काढण्यात आमच्या पंधरा मजल्यांत माझा हात धरणारं कुणी नाही. हे मी नाही म्हणत, शेजारणी म्हणतात. माझ्याकडे पातेल्यात पातेलं असतं, बॅगेत बॅग असते आणि त्या बॅगेच्या पोटात पाहुण्यांची पांघरुणं असतात. दारामागच्या चार इंचांत इस्त्रीचं टेबल उभं आहे. तिसऱ्या पुरानंतर नदीकाठची आमची गल्ली उठवली आणि पूररेषेच्या वर, मिरज रस्त्याच्या उंचवट्यावर ही घरं मिळाली, तेव्हा चार खोल्यांचा संसार मी दीड खोलीत बसवला. एक झारासुद्धा टाकून दिला नाही.

भिंतीचं प्रकरण असं. चार महिन्यांपूर्वी आमच्या इमारतीत सरकत्या भिंती बसवल्या. पूर्वीच्या विटांच्या आडभिंती पाडल्या आणि छताला रूळ लावून हलक्या भिंती टांगल्या. दिवसा भिंत ओट्याच्या बाजूला गोळा होऊन बसते आणि हॉल ऐसपैस होतो. संध्याकाळी ती निघते, हॉल मधोमध कापत गॅलरीच्या दारालगतच्या खांबापर्यंत जाते, तिथं घट्ट बसते आणि मग तिच्यातलं दार उघडता-लावता येतं. म्हणजे दीड खोलीची दोन खोल्यांची जागा होते, तीही कडी लागणाऱ्या दारासकट. निदान कागदोपत्री होते. आमची भिंत चार महिने मी निम्म्यावरच थांबवत होते आणि पुढं पडदा टाकून वेळ मारून नेत होते. त्या सोमवारी पहिल्यांदा मी तिला शेवटपर्यंत जा म्हणून सांगितलं, आणि तीन फूट आधी ती अडली.

सांगितलं, कारण शाल्मली येणार होती. आमची एकुलती लेक बंगळुरात असते. सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिच्या सासरी पुण्याला तीन खोल्या रिकाम्या पडलेल्या आहेत आणि विहीणबाई स्वभावानं इतक्या गोड, की त्यांच्याशी भांडायचीही सोय नाही. "इकडंच राहू दे तिला, तुमच्याकडे उगाच अडचण," असं त्यांनी दोनदा मायेनं सुचवलं होतं. शाल्मलीनं मात्र स्पष्ट सांगितलं. बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत तिचं घरून काम चालणार होतं आणि डॉक्टरांनी रक्तदाबासाठी शांत झोप सांगितली होती.

"आई, दार लागणारी एक खोली असेल तर येते," ती म्हणाली. "नाहीतर मी पुण्याला जाते, तू तिकडं ये."

तिकडं ये, म्हणजे विहिणीच्या ओट्यावर उभं राहून, तिला विचारून विचारून, माझ्याच लेकीसाठी डिंकाचे लाडू वळायचे. रात्री पाहुणीसारखं निजायचं. मला ती माझ्या घरात हवी होती. तिचं बाळ पहिल्यांदा माझ्या घरात नाहायला हवं होतं. पुढच्याच्या पुढच्या रविवारी ती येणार होती, म्हणजे माझ्या हातात तेरा दिवस होते आणि मधे तीन फूट होते.

*

बुधवारी नाझनीन आली. आमच्या इमारतीच्या भिंतींची देखभाल तिच्याकडे आहे. मिरजेची पोर, आजोबा सतारी करायचे, ही भिंती जुळवते. पायातली चप्पल बाहेर काढून ती हॉलमध्ये आली, टॅबची पाटी उघडली आणि मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं, की घराला आपल्याबद्दल काय काय कळतं.

फरशीखाली कागदाहून पातळ असा एक पापुद्रा अंथरलेला असतो. त्याच्यावर दाब पडला की त्यातून चिमूटभर वीज निघते. टाच टेकली की एक ठिणगी, चवडा उचलला की दुसरी. त्यावरून घराला पाऊल कुठं पडलं, किती वजनाचं होतं, घाईत होतं की रेंगाळत, हे कळतं. याला 'पाऊलजाण' म्हणतात. लोकांना घरात कॅमेरे नको होते, म्हणून ही युक्ती निघाली. कपाटाचे, टेबलाचे पाय जड असतात, ते त्याला थेट जाणवतात. पण गादी, सतरंजी, चटईवर निजवलेलं तान्हं बाळ, वाळत घातलेले पापड, यांचं वजन इतकं पसरलेलं असतं, की पापुद्र्याला पत्ता लागत नाही. अशा वस्तू घर आपल्या चालण्यावरून ओळखतं. माणसं एखाद्या ठिकाणी येऊन वळत असतील, पावलं आखूड करत असतील, आणि हे दिवसेंदिवस होत असेल, तर तिथं काहीतरी आहे असं ते धरून चालतं.

"ही तुमची वस्तू," असं म्हणून नाझनीननं पाटी माझ्यापुढं धरली.

हॉलच्या नकाशावर हजारो बारीक रेघा होत्या. ओट्यापासून निघालेल्या आणि गॅलरीकडं वळसा घेऊन गेलेल्या. त्यांच्या मधे एक पांढरी जागा सुटली होती. तिचं एक टोक बाजूच्या भिंतीला टेकलेलं. लांबी पाच फूट आठ इंच, रुंदी अडीच फूट. डाव्या अंगाला वीतभर फुगवटा.

"गादी घालता का काकू हितं? आणि गादीच्या कडंला काय ठेवता, तांब्या वगैरे?"

मी खाली बसले. तांब्या, त्याच्यावर फुलपात्र, चष्म्याचं घर आणि रेडिओ. बरोबर वीतभर. ज्या यंत्रानं माणिकताईंना कधी पाहिलं नाही, त्या गेल्यावर दहा महिन्यांनी जे या घरात आलं, त्यानं त्यांचा तांब्यासुद्धा नकाशावर काढला होता.

*

माणिकताई म्हणजे यांची थोरली बहीण. म्हैसाळच्या शाळेत मास्तरीण होत्या. आईवडील लवकर गेले, म्हणून धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं आणि त्या भरात स्वतःचं लग्न राहून गेलं. निवृत्तीनंतर कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि त्या आमच्याकडे आल्या, नेमक्या या दीड खोलीत. खाट नको म्हणाल्या. खाटेवरून उतरायला दुसऱ्याचा हात लागतो; जमिनीवर गादी असली की हातांवर जोर देत त्या स्वतःच्या स्वतः न्हाणीघरापर्यंत सरकत जायच्या. आतली जागा देऊ केली, तर तीही नको. हॉलमध्ये, ओटा आणि गॅलरी यांच्या बरोबर मधे त्यांनी गादी घालायला लावली. "एक सांगली संस्थान, एक मिरज संस्थान आणि हे माझं सहा बाय तीनचं," असं आल्यागेल्याला सांगून स्वतःच हसायच्या.

मला हसू यायचं नाही. ओट्यापासून गॅलरीतल्या दोरीपर्यंत सरळ गेलं तर सात पावलं पडतात. गादीच्या पायथ्याला वळसा घालून अकरा. ओल्या कपड्यांची बादली घेऊन, धान्याचं ताट घेऊन, केराची सुपली घेऊन दिवसातून तीस खेपा, आणि अशी अकरा वर्षं. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, हे आपल्याला चालता येऊ लागल्यापासून शिकवलेलं असतं. लहान मुलाला ओलांडलं तर वाढ खुंटते, मोठ्याला ओलांडलं तर अपमान होतो. त्यामुळे पायांनी मी कधी मर्यादा सोडली नाही. तोंडानं सोडली. त्यांना उद्देशून काही बोलायची नाही. भांड्यांना बोलायची, जरा मोठ्यानं. एवढी जागा मोकळी असती तर इथं चार माणसांचं टेबल बसलं असतं, कपाट बसलं असतं, दोन पाहुणे निजले असते. त्या जागेवर माझा डोळा होता आणि हे सगळ्या घराला ठाऊक होतं, त्यांनाही.

त्यात आणखी त्रास म्हणजे त्या पडल्या पडल्या मला सल्ले द्यायच्या. मी शिडीवर चढून माळ्यावर डबा कोंबत असायची आणि खालून आवाज यायचा, "हेमा, आडवा घाल तो. उभा नाही बसायचा." नाही बसायचा. आडवा घातला की बसायचा. जागा काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही असं मी वर म्हटलं, तेव्हा एक जण सोडून म्हणायला हवं होतं.

त्या गेल्या, गादी दिली, जागा मोकळी झाली. टेबल मात्र आलं नाही. कधी लाकूड पसंत पडलं नाही, कधी रंग. आज आणू, उद्या आणू करत चौदा महिने झाले.

*

हे सगळं नाझनीनला सांगितलं नाही. इथं माझी नणंद निजायची, आता ती नाही, एवढंच सांगितलं आणि म्हटलं, घराला कळवून टाक की तिथं काही नाही.

ते जमत नाही, ती म्हणाली. पूर्वी जमायचं. मग कुठल्याशा शहरात एका बाईनं घाईघाईत जागा मोकळी आहे म्हणून सांगितलं, भिंत सरकली आणि दुपट्यावर निजलेल्या बाळाच्या हाताला लागली. तेव्हापासून तोंडी सांगणं बंद झालं. आता घर फक्त पावलांवर विश्वास ठेवतं. सलग पाच दिवस घरातल्या सगळ्यांनी त्या जागेवरून न वळता, न थबकता जायचं, मग पांढरा डाग आपोआप पुसला जातो.

मी यांच्याकडं पाहिलं. हे गॅलरीत पाठमोरे उभे होते. मला एकदम त्यांची दया आली. सख्खी बहीण, आईच्या जागी. मी नाझनीनला हळू आवाजात म्हटलं, की त्यांना नको काही बोलूस, मीच त्यांना समजावीन, भाऊ आहे, पाय वळणारच.

नाझनीन पाटीकडं बघत राहिली. मग अवघडून म्हणाली, "काकू, काका सरळच जातायत. भिंत बसली त्या दिवसापासनं. हे बघा, हे चौऱ्याहत्तर किलोचे पाय. वळतायत ते छप्पन्न किलोचे."

छप्पन्न किलो म्हणजे मी.

"पण यांचे पाय सरळ जातात, तर घराला कळायला नको, की तिथं काही नाही?" मी विचारलं. माझा आवाज उगाचच चढला होता.

"एक माणूस जरी टाळत असलं तरी ते टाळणाऱ्याचंच खरं मानतंय. घरातली पुरुषमाणसं पापडावरनंबी चालत जातात की," असं म्हणून ती हसली, आणि माझं तोंड बघून तिनं पाटी मिटली.

ती गेल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. आपलं चुकलं की दुसऱ्यावर घसरायचं, ही माझी जुनी खोड. विचारलं, सख्ख्या बहिणीच्या जागेवरून चहाचा कप घेऊन तुम्ही बिनदिक्कत जाता कसे? काहीच वाटत नाही का?

 यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा नीट घातली, आणि म्हणाले, "तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिथून गेलो. तू ओट्याशी होतीस. मला वाटलं, आता तू म्हणशील, झाली एकदाची जागा मोकळी. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, आधी आपणच पाय ठेवावा."

"मी तसं म्हटलं असतं?"

"म्हटलं असतंस की नाही, ते मला बघायचंच नव्हतं, हेमा."

चौतीस वर्षांच्या संसारात यांनी मला एवढं टाकून बोललेलं आठवत नाही, आणि यात टाकून बोललेलं तसं काही नव्हतंही. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं. दोघांनी तशीच खाल्ली.

*

गुरुवारपासून मी चालायला सुरुवात केली. वाटलं होतं, यात काय आहे? सात पावलं. पण ओट्यापासून निघालं की चौथ्या पावलाला माझा उजवा पाय आपोआप बाहेर पडायचा. मी मनाशी घोकत जायची, सरळ, सरळ, आणि हातातली बादली मला वळवून न्यायची. यांनी फरशीवर खडूची रेघ मारून दिली. रेघेवरून गेले, तरी कडेला आल्यावर पाऊल आखूड पडायचं. नाझनीननं सांगितलं होतं, की घर थबकणंही मोजतं.

शुक्रवारी दुपारी मी दात आवळून ती जागा ओलांडली. पलीकडे गॅलरीच्या उंबऱ्याशी उभी राहिले.  घरात कुणी बघत नव्हतं. आणि तशीच, पाठमोरी, एक पाऊल मागे टाकून मी ती परत उलटी ओलांडली.

हे काय आहे ते आपल्या लोकांना सांगायला नको. चुकून कुणाला ओलांडलं, की आई ओरडायची, "उलटी ओलांड, उलटी ओलांड," आणि आपण परत पाय मागे टाकायचो. मग ओलांडलेलं फिटायचं. शाल्मली शाळेत असताना आत्याला चिडवायला मुद्दाम गादीवरून उडी मारायची आणि मग आत्याच तिला पायाला धरून उलटी फिरवायची. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मी रोज वीसदा ओलांडलं आणि वीसदा फेडलं. मला वाटत होतं, माझं काम चोख चाललं आहे. चालणंही झालं, मर्यादाही राहिली.

सोमवारी दुपारी नाझनीनचा फोन आला.

"काकू, तुम्ही जाताय आणि लगेच मागं येताय का?"

मी हो म्हटलं.

"म्हणून डाग जाईना झालाय. घराला वाटतंय, मधे काहीतरी हाय आणि तुम्ही त्याच्यावरनं वाकून पलीकडचं काहीतरी घेताय." मग म्हणाली, "आमच्यातबी करतात हे. माझी अम्मी अजून ओरडती. पण काकू, परत नाही यायचं. गेलं की गेलं. आणि आता पाचच दिवस राहिलेत."

त्या दुपारी हे वाचनालयात गेले होते. मी गॅलरीचं दार लोटलं आणि त्या जागेवर जाऊन आडवी झाले. का, ते मलाही सांगता येणार नाही. चालताही येत नाही आणि टाळताही येत नाही, तर निजून बघावं, असं काहीतरी मनात आलं असेल. बाजूच्या भिंतीकडं डोकं केलं, जसं त्या करायच्या. फरशी गार होती.

माणिकताईंनी ही जागा का मागितली, याबद्दल माझं एक ठाम मत होतं. आतली जागा सोडून ओट्यासमोर गादी घालायची, म्हणजे माझ्या स्वयंपाकावर नजर राहते. किती तेल घालते, दुधात पाणी घालते का. नणंद ती नणंद. अकरा वर्षं मी ओट्याशी उभी असताना मला पाठीवर ती नजर टोचायची.

पण तिथून ओट्यावरचं काहीसुद्धा दिसत नाही. कढई नाही, शेगडी नाही, तेलाची बुधली नाही. ओट्याची कड सगळं झाकते. ओट्याशी जे माणूस उभं असेल, तेवढंच दिसतं, आणि तेही पाठमोरं. त्यांनी अकरा वर्षं तिथं पडून माझी पाठ पाहिली होती.

अधूनमधून हाक मारायच्या, "हेमा, बस गं जरा." मी वळून न बघता म्हणायची, "बसून कसं चालेल ताई, कामं कोण करील?" त्यात लटका राग असायचा, कधी खराही असायचा. त्या मग रेडिओ लावायच्या. शाळेत चाळीस पोरांशी बोलून घसा बसवणारी बाई, तिला दिवसभर बोलायला एक माणूस हवं होतं, आणि ते माणूस मी होते. एवढी साधी गोष्ट मला त्यांची जागा अंगाखाली घेतल्यावर कळली. मला तेव्हा त्या इतक्या हव्याशा वाटल्या, की मी मोठ्यानं म्हटलं, "ताई, आले. बसले बघा." घरात कुणीच नव्हतं. दाराच्या फटीतून दिसणाऱ्या, पाखरांसाठी ठेवलेल्या वाटीतल्या पाण्यात कावळा चोच बुडवत होता, तो उडाला.

*

मंगळवारी सकाळी बादली भरली. दोरीवर घालायचे कपडे पिळून ठेवले. हे समोर खुर्चीत बसले होते. वर्तमानपत्र मांडीवर होतं आणि आज ते वर गेलं नव्हतं.

कडेला येऊन मी थांबले. मग म्हटलं, "ओलांडते हं ताई. शालूसाठी. परत नाही फिरत."

आणि गेले. पलीकडे उंबऱ्याशी पोचल्यावर माझा पाय मागे यायला इतका ओढ घेत होता, की मी गॅलरीचा गज धरून ठेवला.  मागून यांचा आवाज आला, "झालं. जा पुढं." मी पुढं गेले आणि कपडे वाळत घातले. यांचा सदरा उलटा घातला गेला, तो तसाच राहू दिला.

त्या दिवशी बावीस वेळा गेले. दर वेळी सांगून गेले, कधी तोंडानं, कधी मनात. बुधवारीही. गुरुवारी हेही माझ्याबरोबर चालले. एकदा मधेच थांबून म्हणाले, "ती मला इथं बसवून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायची. माझे उच्चार सुधारायला. साठीला आलो होतो मी." आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि मी दुधाखालचा गॅस बारीक करायला गेले, सात पावलांत.

शुक्रवारी नाझनीननं पाटीवरचं चित्र पाठवलं. पांढऱ्या डागाच्या कडा विरायला लागल्या होत्या. तांब्याचा फुगवटा आधी गेला. पायथ्याकडची बाजू गेली. भिंतीलगत, डोकं असायचं तिथं, तळहाताएवढं काहीतरी शिल्लक होतं. ते चित्र मी पुसून टाकणार होते, पण ठेवलं.

शनिवारी सकाळी घरात गडबड होती. डिंक तळायचा होता, खारीक कुटायची होती, शाल्मलीच्या खोलीत घालायची गादी गॅलरीत उन्हात टाकायची होती. कुकरची दुसरी शिट्टी झाली की तिसरी, हे डोक्यात होतं. गादी टाकली, चादरी टाकल्या, हळदीचे हात धुतले, परत गॅलरीत जाऊन गादी उलटली. साडेदहाच्या सुमाराला घर जिथून आपलं म्हणणं कळवतं, त्या भिंतीवरच्या पट्टीवर अक्षरं उमटली: गॅलरीच्या दारासमोरची वस्तू आता तिथं नाही. भिंत शेवटपर्यंत सरकवता येईल.

मी उलथनं हातात घेऊन ते वाचलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी तिथून आठ-दहा वेळा तरी गेले होते. एकदाही सांगून गेले नव्हते. एकदाही मला त्यांची आठवण झाली नव्हती. पाय आपले आपण सरळ गेले होते.

"सरकवू का?" यांनी विचारलं. मी मान हलवली.

भिंत निघाली. काही आवाज येत नाही तिचा. रुळावर थोडी घरघर होते, तेवढीच. ओट्यापासून ती हॉल कापत आली, रोजच्या जागी थांबली नाही, त्या तीन फुटांवरून तशीच पुढे गेली आणि खांबाला जाऊन बसली. तिच्यातलं दार मोकळं झालं. आत खोली तयार झाली होती. खिडकी, दोन माणसांपुरती जागा, पाळण्याला एक कोपरा. अकरा वर्षं हवी होती ती जागा मला मिळाली होती, आणि मी ती चांगली कामाला लावली होती.

शाल्मलीला फोन केला. तिनं पहिलं तेच विचारलं, "आई, झाली खोली?"

"झाली."

"दार लागतं?"

"लागतं. तू ये."

फोन ठेवला आणि दार खरंच नीट लागतं का बघायला आत गेले. ताई गेल्या तेव्हा तेराव्यापर्यंत घरात चौदा माणसं होती आणि मी ओट्याशी होते. पुढं रडायचं म्हटलं तरी कुठं? या घरात नाक ओढलं तरी दुसऱ्याला ऐकू जायचं. आता दार होतं. मी आतून कडी घातली, खाली बसले आणि माणिकताईंसाठी पोटभर, आवाज काढून रडले. कुकरची शिट्टी झाली, गॅस यांनी उठून बंद केला. दार मात्र वाजवलं नाही.